आजारी माणसाला विचारून लिहिलेली काळजीची वही

हॉस्पिटलमधून घरी सोडताना हातात डिस्चार्ज कार्ड पडतं. त्यावर निदान असतं, गोळ्या असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी उभे राहणारे प्रश्न त्यावर नसतात. आंघोळ कोण घालणार? संडासला कसं न्यायचं? दुपारी सगळे कामावर गेले की जवळ कोण? आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्याला यातलं काय चालणार आहे? बहुतेक घरांत हे घाईत ठरतं. आजारी माणूस दोन हातांवर पलंगावर असतो आणि बोलणं त्याच्या डोक्यावरून चालतं.

हे बदलायला एक वही पुरते, साधी दोनशे पानी. पण ती त्या माणसाला विचारून लिहायची. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर अ‍ॅक्टनुसार स्थानिक प्रशासनाला काळजीचा आराखडा त्या व्यक्तीला सोबत घेऊनच करावा लागतो आणि त्याची प्रत तिच्या हातात द्यावी लागते. आपल्याकडे घरगुती काळजीसाठी असं बंधन कुणावर नाही. काळजी घेतात ते घरचेच, म्हणून आराखडाही घरीच व्हायला हवा.

समजायला सोपं जावं म्हणून एक घर डोळ्यांसमोर ठेवू. मुंबईतल्या लालबागची चाळ, दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला. आजोबा ७९ वर्षांचे, गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, काम केलेले. जुना मधुमेह. महिन्यापूर्वी लकवा आला, उजवी बाजू अधू झाली, बोलणं अडखळतं. कानांनी आधीच कमी ऐकू येतं. घरात आजी, मुलगा, सून आणि कॉलेजला जाणारा नातू. मुलगी विरारला, दुसरा मुलगा डोंबिवलीला.

आधी विचारा, आणि नीट विचारा

“बाबा, काही हवंय का?” या प्रश्नाला आपल्या घरांत एकच उत्तर येतं: “काही नको.” बायकांच्या तोंडी तर “तुम्ही म्हणाल तसं” ठरलेलंच असतं. आयुष्यभर स्वतःसाठी काही मागायचं नाही असं शिकलेली माणसं आजारपणात अचानक मागायला लागत नाहीत. त्यामुळे हे उत्तर मिळालं म्हणून विचारायचं थांबू नका. प्रश्न बदला.

वेळ सकाळची निवडा, चहा झाल्यावर. संध्याकाळी थकवा असतो आणि बघायला आलेल्या पाहुण्यांची गर्दीही. चष्मा घाला, कानातलं मशीन लावा, कवळी असेल तर ती बसवा, टीव्ही बंद करा. समोर बसा, डोळ्यांच्या पातळीवर. विचारणारा एकच असावा, बाकीच्यांनी मध्ये बोलू नये. पहिल्यांदा विचारायला मी घरातल्या सर्वात कर्त्या माणसाला बसवणार नाही. ज्याच्याशी आजारी माणूस मोकळेपणाने बोलतो त्याला बसवेन. आपल्या उदाहरणात तो नातू असू शकतो.

प्रश्न रोजच्या जगण्यातले हवेत. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायला आवडतं? कोणती गोष्ट कितीही वेळ लागला तरी स्वतःच करायची आहे? आंघोळ कुणाच्या हातून चालेल आणि कुणाच्या हातून अजिबात नको? रात्री कशाची भीती वाटते? घरात कोण आलं की बरं वाटतं? हॉस्पिटलमध्ये काय सहन झालं नाही? शेवटचा प्रश्न टाळू नका. कुणाला बांधलेले हात आठवतात, कुणाला सगळ्यांसमोर बदललेला डायपर.

आजोबांसारखं बोलणं अडत असेल तर समजही गेली असं धरू नका. लकव्यानंतर शब्द सापडत नाहीत, पण समोरच्याचं बोलणं बरंचसं कळत असतं, असं अनेकांचं होतं. एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारा. उत्तराला मनात दहा आकडे मोजा, वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. दोन वस्तू समोर धरून बोट दाखवायला सांगा: हा सदरा की तो, कप की बशी. ‘हो’ आलं की थोड्या वेळाने प्रश्न उलटा करून विचारा. दोन्हींना ‘हो’ आलं तर ते उत्तर वहीत लिहू नका, उद्या परत विचारा. वाचा-उपचारासाठी, म्हणजे बोलणं सुधारण्यासाठी, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ऐकू येण्याची तपासणीही तिथे होते.

पहिलं पान माणसाचं

वहीच्या पहिल्या पानावर रोगाचं नाव नको. तिथे माणूस लिहा, त्याच्याच बोलीत, ‘मी’ म्हणून. काळजीला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून नवीन बाई किंवा वॉर्डबॉय आला की त्याने आधी हे पान वाचायचं. आजोबांचं पान असं होईल:

“मला सगळे तात्या म्हणतात, ‘आजोबा आजोबा’ करून मोठ्याने ओरडू नका. डाव्या कानाने बरं ऐकू येतं. तीस वर्षं गिरणीत पाळ्या केल्या, पहाटे चारला जाग येते, तेव्हा मला झोपवायचा प्रयत्न करू नका, खिडकी उघडा. चहा बशीत ओतून पितो. पेपर मीच आधी वाचणार. एकादशीला उपास धरायचो, आता डॉक्टर नको म्हणतात, पण त्या दिवशी भजन ऐकायचंच. दाढी रोज. मला उचलण्याआधी सांगा. राग आला की मी तोंड फिरवतो. तेव्हा पाच मिनिटं जाऊ द्या.”

एवढ्या चार ओळी पंधरा दिवसांची ओढाताण वाचवतात. पहाटे चारला जागा झालेला म्हातारा ‘त्रास देतो’ म्हणून झोपेच्या गोळीसाठी डॉक्टरांकडे जाणारी घरं असतात. पाळीची सवय माहीत असेल तर तीच गोष्ट खिडकी उघडून निभते.

दिवस लिहून काढा

वहीचा मोठा भाग हाच, आणि इथे घाई करू नका. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रत्येक कामासमोर चार गोष्टी लिहा: ते स्वतः काय करतात, मदत कुठे लागते, ती कशी करायची आणि कोण करणार. ‘आंघोळीला मदत’ असं लिहून काही कळत नाही. ‘स्टुलावर बसवायचं, तोंड आणि छाती डाव्या हाताने स्वतः धुतात, पाठ आणि पाय आपण, पाणी आधी डाव्या हातावर घालून दाखवायचं’ हे कळतं. उजव्या हाताला गरम-गार कळत नसेल तर ती शेवटची गोष्ट चटका वाचवते.

कपड्यांचा नियम सोपा आहे: घालताना अधू हात आधी, काढताना चांगला हात आधी. उठवताना अधू हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा सरकतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने राहतं. हे वहीत लाल शाईने लिहा, कारण मदतीला धावलेला शेजारी नेमका तोच हात धरतो.

आता संडासचा प्रश्न. चाळीत सगळ्यात मोठा वाद याच्यावर होतो. घरच्यांना डायपर सोपा वाटतो आणि त्यांचंही खोटं नाही: गॅलरीच्या टोकापर्यंत नेणं, बाहेरची रांग, ओली फरशी. तात्यांना मात्र डायपर नकोय. ‘डायपर की संडास’ असा एकच प्रश्न केला तर कुणीतरी हरणार. म्हणून तो तोडून विचारा. पहाटे कोण रिकामं असतं? पोट साफ व्हायची वेळ कोणती? बहुतेकांना चहानंतर अर्ध्या तासात होते. त्या वेळी कमोडची खुर्ची मोरीजवळ, दोरीवर जाड पडदा, मुलगा आणि नातू सोडून बाकीचे गॅलरीत. दिवसा दर तीन तासांनी युरिनल (लघवीचं भांडं) हवं का विचारायचं, त्यांनी मागायची वाट पाहायची नाही, कारण मागणंच त्यांना जड जातं. डायपर फक्त रात्री आणि डॉक्टरकडे जाताना. सुनेने यातलं काही करायचं नाही, हे तात्यांनी सांगितलं असेल तर ते तसंच लिहा. सुनेला वाईट वाटण्याचं कारण नाही, उलट तिच्या डोक्यावरचं एक ओझं उतरतं. मुलगा नसेल त्या दिवसांसाठी तासाभराकरता येणारा वॉर्डबॉय शोधून ठेवा.

खाण्याच्या बाबतीत एक धोका सगळ्यांना माहीत हवा. लकव्यानंतर गिळणं बिघडू शकतं आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पाठ ताठ ठेवून बसवल्याशिवाय घोटभर पाणीही नको. लहान घास, आधीचा गिळला की पुढचा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाणी पिताना खोकला येत असेल किंवा नंतर आवाज ओलसर, घरघरता येत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या, तोवर जबरदस्तीने भरवू नका.

मधुमेह आणि चहातली साखर हे दुसरं रणांगण. तात्या बिनसाखरेच्या चहाला तोंड लावत नाहीत. डॉक्टरांना सरळ विचारा: दिवसातला एक चहा अर्धा चमचा साखर घालून चालेल का, आणि बदल्यात बाकी कुठे कमी करायचं? असा प्रश्न घेऊन गेलं की बरेच डॉक्टर जमवून देतात. ठरलेलं वहीत लिहा, म्हणजे आजी लपवून साखर घालणार नाहीत आणि सून बघून भांडणार नाही.

गोळ्यांचं थोडक्यात: एकच यादी, तारीख घालून, जुनी यादी फाडून टाका. वारांचे खाने असलेली डबी आठवड्यातून एकदा एकाच माणसाने भरायची.

धोका असेल तेव्हा

तात्यांना खाली उतरून नाक्यावर बसायचं आहे. लाकडी जिना, दोन मजले. घरचे म्हणतात, पडले तर? भीती खरी आहे. पण फक्त ‘नाही’ म्हणून ठेवलं तर माणूस चार महिन्यांत पलंगाला खिळतो, आणि तोही धोकाच आहे. वहीत एक पान घ्या आणि पाच गोष्टी लिहा: त्यांना काय हवंय, काय बिघडू शकतं, ते कमी करायला आपण काय करणार, तरी काय उरतं, आणि हे कुणी मिळून ठरवलं.

पहिले तीन आठवडे गॅलरीत काठी घेऊन चालणं, फिजिओ म्हणेल तेव्हा चार पायऱ्या, मग एक मजला. काठी चांगल्या हातात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. सोबतचा माणूस नेहमी एक पायरी खाली. पावसात नाही, लादी ओली असेल तेव्हा नाही, चप्पल मागे पट्टा असलेली. जाताना खिशात घरचा नंबर लिहिलेला कागद. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही आहे. ‘मला जिना उतरायचा आहे’ हे ध्येय तिथे सांगा, म्हणजे व्यायाम त्या दिशेने शिकवतील.

इथे नेहमी एक वाद येतो: “त्यांना आता कळत नाही, आपणच ठरवायला हवं.” याबाबत इंग्लंडचा २००५ चा मानसिक क्षमतेचा कायदा एक तत्त्व स्पष्ट सांगतो: निर्णय शहाणपणाचा वाटला नाही म्हणून माणसाला निर्णयच घेता येत नाही असं धरायचं नाही. क्षमता त्या त्या निर्णयापुरती पाहायची. माहिती समजते का, लक्षात राहते का, फायदे-तोटे तोलता येतात का, उत्तर कसंही करून कळवता येतं का? सदरा कोणता हे सांगता येणाऱ्या माणसाला खोली विकण्याचे कागद कदाचित समजणार नाहीत. म्हणून सदऱ्याचा निर्णय त्याच्याकडून काढून घ्यायचा नसतो. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही उपचारांबाबत याच वळणाची कसोटी आहे: समजणं, परिणामाची जाणीव, कळवता येणं.

कामं नावानिशी वाटा

‘सगळे मिळून बघू’ म्हणजे आजी आणि सून बघणार. प्रत्येक कामापुढे नाव, वार आणि वेळ लिहा, आणि त्याच्याखाली दुसरं नाव, पहिला न आल्यास. डोंबिवलीच्या मुलाकडे रविवार असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक धरून त्याने सकाळी साडेनऊच्या आत पोचायचं. विरारहून मुलीला रोज येणं शक्य नाही, पण औषधं मागवणं, डॉक्टरची वेळ घेणं, दर संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर वडिलांशी पंधरा मिनिटं बोलणं हे तिचं काम होऊ शकतं, आणि ते खरं काम आहे. गणपतीत, होळीत, मे महिन्यात कामाची माणसं गावाला जातात. त्या आठवड्यांची सोय महिनाभर आधी. जुलैच्या मुसळधार दिवसांसाठी तीन दिवसांच्या गोळ्या आणि डायपर घरात कायम.

बारा तासांची बाई की चोवीस तासांची, हे ठरवण्याआधी दिवसाचं पान पुढे ठेवा. पुष्कळदा गरज सकाळचे दोन तास आणि रात्रीची असते, मधल्या दुपारची नाही. ब्युरोला ‘पेशंट सांभाळायला बाई हवी’ न सांगता कामं सांगा: उचलणं आहे, कमोड आहे, भरवणं नाही. येणाऱ्या बाईच्या जेवणाची, आडवं व्हायच्या जागेची आणि सुट्टीची नोंदही त्याच वहीत हवी. दहा बाय बारात तिला बसायला जागा नसेल तर ती टिकणार नाही.

आजींसाठी एक वेगळं पान करा, हे मी आग्रहाने सांगते. त्यांची बीपीची गोळी, त्यांची झोप, हळदीकुंकवाला जायची त्यांची दुपार. आठवड्यातून एक अख्खी दुपार त्यांना घराबाहेर मिळालीच पाहिजे, आणि तेव्हा तात्यांजवळ कोण, याच्यापुढेही नाव हवं.

दाराच्या मागे लावायचं पान

हे पान वहीतून फाडून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. १०८ नंबर, फॅमिली डॉक्टर, कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं. लालबागहून केईएम जवळ आहे. तुमच्या भागातलं रात्री सीटी स्कॅन होणारं हॉस्पिटल आजच विचारून ठेवा. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं बिघडलं तर आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. साखर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीवर असून त्याला नीट गिळता येत असेल तर तीन चमचे साखर थोड्या पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८.

दुसऱ्या मजल्यावरून खाली कसं आणायचं, हे आधी ठरवा. प्लॅस्टिकची खुर्ची मोडते, हातांची लाकडी खुर्ची आणि चाळीतली चार मुलं, त्यांचे नंबर. पिशवीत फाइल, आधार, चष्मा, कवळी, मशीनच्या बॅटऱ्या, चार्जर आणि वहीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. वॉर्डमध्ये ती झेरॉक्स उशाशी ठेवा. ७० वर्षांवरच्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये उत्पन्न न पाहता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. कार्ड आत्ताच काढा. त्यातून दाखल झाल्यावरचे उपचार होतात, घरच्या बाईचा पगार नाही.

शेवटाबद्दलचं बोलणं

हा विषय घरात अशुभ मानतात. तरी तात्यांनी एखाद्याच्या मरणाची गोष्ट निघाली असताना “मला नळ्या लावून ठेवू नका” असं म्हटलं असेल तर ते ऐकलेलं नाकारू नका. त्याच दिवशी नाही, पण नंतर एका शांत सकाळी विचारा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारं इच्छापत्र कायदेशीर मानलं आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली: सज्ञान आणि शुद्धीतल्या माणसाची सही, दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्याचं नाव घालता येतं. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे आणि एक महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. बरं होण्याची आशा नसेल आणि माणसाला स्वतः सांगता येत नसेल तेव्हाच ते लागू होतं, आणि तेव्हाही डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात. बँकेतला नॉमिनी म्हणजे उपचारांचा निर्णय घेणारा माणूस नव्हे, ही गल्लत फार घरांत असते.

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलात वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे.

वही जिवंत ठेवणं

लकव्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वात वेगाने होते, म्हणून या काळात दर पंधरा दिवसांनी वही उघडा, नंतर महिन्याला. पडणं झालं, पुन्हा दाखल व्हावं लागलं, बाई बदलली की त्याच आठवड्यात. उघडायची म्हणजे तात्यांसमोर मोठ्याने वाचायची, आणि विचारायचं: यातलं काय होत नाहीये? काय आता नकोय? जे ते स्वतः करायला लागलेत त्यावर काट मारा. मदत सुरू करायला सगळे तयार असतात, बंद करायला कुणी नसतं, आणि माणूस विनाकारण परावलंबी राहतो. बदलाखाली तारीख, त्यांची डाव्या हाताची सही किंवा अंगठा.

आंघोळीला नकार, थुंकणं, हात झटकणं असं सुरू झालं तर त्याला ‘हट्टी झालेत’ म्हणण्याआधी चार दिवस नोंद ठेवा: किती वाजता, कोण होतं, काय चाललं होतं. पाणी गार असतं, बाई न सांगता उचलते, लघवीची जळजळ असते, असं काही ना काही सापडतं. विस्मरणाचा आजार असेल तर ही नोंद सर्वात जास्त कामाची. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा देशभरचा हेल्पलाइन नंबर आहे. घरात कुणाचं मन खचत असेल तर टेलिमानस १४४१६.

आणि तात्या म्हणाले की यंदा गणपतीला गावी जायचंच, तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका. जूनमध्येच नवीन पान काढा: खालचा बर्थ, प्रवासातला डायपर, स्टेशनवर चाकाची खुर्ची, गावच्या घरात कमोडची सोय कुणी करायची, तालुक्याचा डॉक्टर कोण, इन्सुलिन थंड कशात न्यायचं. डॉक्टरांकडे तेच पान घेऊन जा आणि जाता येईल का असं विचारण्याऐवजी जायला काय काय लागेल ते विचारा.